निळ्या रंगाखालचं खळं

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राला लागून असलेल्या एका कोळीवाड्यात रतनच्या घराची मी चाळीस वर्षं राखण करतोय. त्याआधी मी एका होडीच्या फळ्या होतो. होडी फुटली तेव्हा रतनच्या वडिलांनी तिच्यातल्या चांगल्या फळ्या निवडून मला घडवलं.

आमच्या पुढच्या खोलीत विद्याधर नावाचे एक चित्रकार भाड्याने राहायचे. दुकानांच्या पाट्या रंगवून ते पोट भरत. वस्ती त्यांना पेंटरमामा म्हणायची. एका पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, त्यांनी माझ्यावर अख्खा कोळीवाडा रंगवला. देऊळ, विहीर, घरं, आणि थेट समुद्रापर्यंत पसरलेलं खळं, म्हणजे बोंबील वाळवायची मोकळी जागा. खळ्यात उभी होती जानकीकाकी, आणि तिचं बोट धरून चार वर्षांचा रतन. आई नसलेल्या रतनला या काकीनेच वाढवलं.

मामा वारले, चित्र राहिलं. दर नारळी पुनवेला आमच्याकडे होड्या आणि घरं नव्याने रंगवतात. मला मात्र कोणी कुंचला लावत नसे. लांबून माणसं मला बघायला येत. खोटं कशाला बोलू, मी जरा फुशारलोच होतो.

गेल्या वर्षी पुनवेच्या आधी सरकारी मोजणीवाले आले. "हे खळं तुमच्या वस्तीचं आहे, याला काही पुरावा?" त्यांनी विचारलं. कागद होते ते कधीच उधाणात भिजून गेले होते. तरी जानकीकाकी हसली.

"हाय ना सायेब! आमच्या पेंटरमामानी दरवाजावर सगला काढून ठेवलाय. सोमवारी या, दाखवते."

दुसऱ्याच दिवशी रतन निळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आला. मला आनंदच झाला हो. वाटलं, एवढ्या वर्षांनी माझीही पुनव आली. त्याचा पहिला हात फिरला तो त्या चार वर्षांच्या पोरावर. मग काकीवर. मग सावकाश सगळ्या खळ्यावर. काम संपल्यावर माझ्यासमोरच उभा राहून तो खळ्यावर इमारत बांधायला निघालेल्या बिल्डरशी फोनवर बोलला, "झालं साहेब, आता काय दिसत नाय. माझा फ्लॅट तेवढा वरच्या मजल्यावर द्या. समुद्र दिसला पाहिजे."

सोमवारी काकी मोजणीवाल्यांना घेऊन आली आणि माझ्यासमोर थबकली. तिने माझ्यावरून हात फिरवला. तळहात निळा झाला.

"रतन, यो काय केलंस रं?"

"पुनवेचा रंग, काकी. दरवर्षी लावतो ना आपण."

मोजणीवाल्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि ते गेले. आता खळ्याभोवती पत्रे ठोकलेत. काकी रस्त्याच्या कडेला बोंबील वाळवते आणि गाड्यांची धूळ झटकत बसते. मला रतनचा फार राग येतो. पण दरवाजाला बोलता येत नाही. तो आला की मुकाट उघडावं लागतं.

मित्रांनो, हे घर आता पडणार आहे. एखाद्या भंगाराच्या दुकानात निळा दरवाजा दिसला, तर माझा रंग हलक्या हाताने खरवडा. आणि जुन्या वस्तूला नवा रंग देण्याआधी तिच्यावर काय आहे, कोण आहे, ते नीट बघत जा. माझ्या निळ्या रंगाखाली खळं अजून समुद्रापर्यंत आहे. त्या पोराने काकीचं बोट अजून सोडलेलं नाही.