मालक घरीच राहतात

वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागल्यापासून माझा एक नेम होता. कुणी यायचं म्हटलं की घरातल्या सगळ्या भिंतींवरचे घरच्यांचे फोटो उतरवायचे. परक्या माणसाला दुसऱ्याच्या संसारात घुसल्यासारखं वाटू नये, म्हणून. पाहुणे खूश व्हायचे, भरभरून चांगलं लिहायचे. मग काय, पाठोपाठ पाहुणे, आणि फोटो परत लावायचे राहूनच गेले. सासरे त्या कोऱ्या भिंतींकडे बघत बसायचे. त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. पण मला मेलीला मान वर करायला फुरसत कुठे!

तेवढ्यात नगरपालिकेचा नवा नियम आला. मालक स्वतः त्या घरात राहत असेल, तरच थोड्या दिवसांचे पाहुणे ठेवता येतील. घर सासऱ्यांच्या नावावर, आणि ते इथेच राहतात, त्यामुळे मी निर्धास्त होते. त्यांना सांभाळायला दिवसभराची बाई ठेवली होती, ती या खोल्यांच्या जिवावरच. परवानगी गेली असती तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलं असतं. नवऱ्याने ते तोंडाने म्हटलं नव्हतं, इतकंच.

तपासनीस आला. वयस्कर, सभ्य माणूस. खोल्या बघून झाल्यावर सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसला.

"काका, तुम्ही इथेच राहता ना?"

"छे हो!" सासरे हसले. "आम्ही पाहुणे. जागा छान आहे, माणसंही चांगली. पण आता घरची ओढ लागलीय."

मी धावत जाऊन डॉक्टरांचे कागद आणले, त्याच्या हातात कोंबले. त्याने शांतपणे वाचले.

"काळजी करू नका, वहिनी," तो म्हणाला. "परवानगी मिळेल."

मी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण डोकं भडकलं होतं.

"अहो बाबा, काय बोलताय हे?" मी ओरडलेच. "तुमचंच घर आहे ना हे! तुम्ही बांधलंत!"

ते दचकले. खुर्चीचा हात धरून कसेबसे उठले आणि माझ्यापुढे हात जोडले.

"रागावू नका, बाई," ते म्हणाले. "आम्ही उद्याच निघतो."

लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांनी मला 'पोरी'शिवाय हाक मारली नव्हती.