बाविसाव्या मजल्यावरचा तांब्या

मी मुरुडच्या गुरम्माचा तांब्या. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या साली एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि माणिकप्पांनी आपल्या बायकोसाठी घरी आणलं. गुरम्मा रोज अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायची आणि माझ्यातल्या पाण्यानं त्याची पूजा करायची. मी नसलो तर तिची पूजा अडायची. म्हणून तर मला विमानात बसायला मिळालं!

त्याला कारण तिची धाकटी जाऊ शिवकांता. धंदा ब्लाउज शिवायचा, पण नजर साऱ्या जगावर. दुपारी शिलाई मशीन थांबली की ती मोबाइलवर परदेशातल्या मोठमोठ्या हॉटेलांचे फोटो बघत बसायची. त्या दारांच्या आत नक्की असतं काय, याची तिला भारी ओढ. बघता बघता तिला एक गोष्ट उमगली.

"अक्का, लोकांना सुट्ट्या नसल्या की ही हॉटेलं रिकामी पडतात, मग दर खाली येतात. लई आधी ठरवलं तर आपल्याला बी जमतंय. दोन रात्री राजवाड्यात राहायचं, बाकी साध्या खोलीत. सकाळची न्याहारी हॉटेलातच पोटभर करायची, म्हणजे दुपारचं भागलं."

श्रीशैलच्या पुढं कधी न गेलेली गुरम्मा म्हणाली, "मला कोण न्हेतंय?"

"मी नेते की!"

दिवाळीत क्वालालंपूरचं सगळं ठरलं. पण चैत्र आला तो भयंकर. विहिरी आटल्या, नळाला वारा सुद्धा येईना. लातूरला तर रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. टँकर आला की गल्लीत भांड्यांची नुसती खणाखणी. मला राखेनं घासून फडक्यानं पुसायचे. पाणी कुठलं धुवायला?

माणिकप्पा भडकले. "गाव पाणी पाणी करायलंय, अन् तुम्ही दोघी हॉटेलात लोळाया निघाल्या? लोक तोंडात शेण घालतील."

गुरम्मानं जन्मात नवऱ्याला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. हातातलं फडकं खाली न ठेवता ती म्हणाली, "मी घरी बसले तर पाऊस पडंल का?"

माणिकप्पा स्टँडवर पोचवायलाही आले नाहीत. एसटीत गुरम्मानं मला मांडीवर घेतलं होतं.

हैदराबादच्या विमानतळावर मला पिशवीतून बाहेर काढलं, उलटं केलं, आत बोट घालून पाहिलं. "पूजा का है," गुरम्मा म्हणाली, तेव्हा सुटका झाली.

आधी साध्या खोलीत मुक्काम झाला, मग त्या मोठ्या हॉटेलात. आतली संगमरवरी फरशी बघून गुरम्मानं दारातच चपला काढल्या आणि अनवाणी आत गेली. दारावरच्या गणवेशातल्या माणसानं त्या दोन्ही हातांनी उचलून तिच्या मागं आणल्या. गुरम्मा लाजून चूर झाली. लिफ्टनं बाविसावा मजला गाठला. काचेतून खाली बघितलं तर मोटारी हरभऱ्याएवढ्या. गुरम्मा गादीवर बोट दाबून बघे, पडदे ओढून बघे, दिव्यांची बटणं दाबून बघे. मीही टेबलावरून टकमक बघत होतो.

सकाळी पूजेसाठी अंघोळ करायला गेली तर बादलीच नाही! शिवकांता हसली. "अक्का, तो टब हाय. मी भरून ठेवलाय तुमच्यासाठी."

काठोकाठ पाणी! गुरम्माचा चेहरा उतरला. "अगं, अख्ख्या गल्लीचं पाणी हाय हे! काय केलंस?"

"बसा त्याच्यात."

"मी न्हाई. त्यो बूच बी काढायचा न्हाई. पाणी वाया जातंय."

रागानं ती टबाच्या काठावर बसून राहिली. शिवकांता रडकुंडीला आली. "मी तुम्हाला सुख द्यायला आणलं, अक्का. रडवायला न्हाई." त्यावरही गुरम्मा हलेना.

तेवढ्यात खोली साफ करणारी बाई आली. कपाळाला विभूती, बोली तमिळ. ती बूच काढायला वाकली तशी गुरम्मानं तिचा हात धरला. गुरम्माच्या माहेरी कानडी, आणि पाण्याला दोन्ही बोलींत जवळजवळ एकच शब्द. "नीरु, नीरु!" ती म्हणाली. बाई थबकली. तिनं बाहेर कोसळणाऱ्या पावसाकडं बोट केलं, मग स्वतःकडं, मग लांब कुठंतरी. कोरडे ओठ करून, हात हलवून दाखवलं. तिच्याही गावाला पाणी नव्हतं. मग तिनं गुरम्माच्या खांद्यावर हात ठेवला, टबाकडं मान हलवली आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

गुरम्मा बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली. मग लुगड्यासकट आत उतरली. पाणी गळ्यापर्यंत आलं. तिनं डोळे मिटले.

"शिवकांता," आतून आवाज आला, "जन्मभर पाणी शेंदलं, वाहिलं, गाळलं. पाण्यात बसले कधी न्हाई बघ."

बाहेर शिवकांता दाराला टेकून डोळे पुसत होती. मग त्याच पाण्यात तिनंही अंघोळ केली, दोघींनी सगळी लुगडी धुतली, आणि तेव्हाच बूच निघालं. त्या दिवशीची पूजा फार वेळ चालली.

मुरुडला परतल्यावर बायका जमल्या. आता टोमणे येणार म्हणून मी धास्तावलो होतो. पण शेजारच्या केवळाबाईनं जवळ सरकून एवढंच विचारलं, "खरंच गळ्यापातुर?" आणि गुरम्मानं सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

माणिकप्पा कोपऱ्यात पाठ करून बसले होते. बायका गेल्यावर म्हणाले, "पाणी गार होतं का कोमट?"

"कोमट," गुरम्मा म्हणाली.

आता मी म्हातारा झालो. बुडाला बारीक भोक पडलंय, पूजा स्टीलच्या तांब्यावर भागते, मी फळीवर. परवा माणिकप्पा काठी टेकत शिवकांताच्या शिलाईच्या दुकानात चौकशीला गेले आणि येताना पासपोर्टसाठी स्वतःचे फोटो काढून आले. आल्या आल्या बायकोला म्हणाले, "पाण्यात बसायचंच तर दोघं जाऊ."

पुढच्या चैत्रात निघायचं ठरलंय. गुरम्मा, बाई, आधी मला खाली काढ. चिंच लावून घास, आणि बाजारात कुणाकडून तरी बुडाचं भोक झाळून आण. त्या स्टीलच्या तांब्याला नेऊ नकोस. त्याला तिथलं काही ठाऊक नाही.