उताराचं पाणी

काँक्रीट ओतून झालं की मिक्सर गाडीला आंघोळ घालायचं काम आत्याचं. साइटवरचे सगळेच तिला आत्या म्हणत. गाडीचा ड्रम फिरता ठेवायचा, मागच्या पत्र्याच्या पन्हळीवर नळीची धार धरायची आणि राखाडी पाणी पांढुरकं होईपर्यंत, पांढुरकं नितळ होईपर्यंत धूत राहायचं. गाडी पुढच्या फेरीला निघे ती नवरीसारखी.

आधी हे धुणं फाटकापाशी चाले. घोटाभर चिखल व्हायचा, लोक घसरायचे. आत्यानेच तोड काढली होती. "अरे, गाडी मागच्या कुंपणाला लावा. तिथं उतार आहे. पाणी आपल्या पायाने निघून जाईल." तेव्हापासून फाटक कोरडं आणि आत्याची वाहवा. धार सोडली की तिच्या ओठांवर गाणं यायचं, तिचं तिनेच जुळवलेलं:

जा रे जा पाण्या, उताराच्या वाटे,
कुणाच्या दारात तुला जावंसं वाटे?

पाणी काही सांगत नसे. खळखळत कुंपणाखालून जाई, चराला लागे आणि दिसेनासं होई.

आत्या धाकट्या भावाकडे राहायची. उताराच्या पायथ्याशी त्याची रोपवाटिका होती. हजारभर काळ्या पिशव्यांतून हजारभर कोवळे जीव, आणि त्या सगळ्यांची तहान भागवणारी एक उथळ विहीर. गेल्या महिन्यापासून रोपांच्या पानांच्या कडा करपत होत्या. आधी लिंबाच्या, मग पेरूच्या, आता तर मोगराही खाली मान घालून बसला होता. धाकटा रोज एक नवा दोष स्वतःच्या माथी मारून घ्यायचा. खत जास्त झालं, माती भारी पडली, ऊन लागलं.

"माझ्या हातालाच काहीतरी झालंय," त्या संध्याकाळी तो म्हणाला. "असंच राहिलं तर पुढच्या हंगामाला बंद करतो ही वाटिका. दुसऱ्याची रखवाली करीन कुठेतरी."

"काहीतरीच काय बोलता!" वहिनी करवादली. "वन्सं, तुम्ही तरी समजवा यांना. आणि हात धुऊन घ्या आधी, जेवण निवतंय."

तिने विहिरीतल्या ताज्या पाण्याची बादली पुढे सरकवली. आत्याने हात बुडवले, बोटांवर बोट फिरवलं आणि ती तिथेच थबकली.

बोटं बुळबुळत होती. साबण तर लावलाच नव्हता.

ही बुळबुळ तिच्या चांगल्या ओळखीची होती. चार वर्षं ती रोज हीच धुऊन काढत होती. सिमेंटचं पाणी कातडीवर असंच गुळगुळीत लागतं, आधी लाड करतं, मग तडे पाडतं. आत्याने बादलीत पाहिलं. पाणी आरशासारखं स्वच्छ. आणि आरशात तिचा स्वतःचा चेहरा.

कुणाच्या दारात जावंसं वाटे? मिळालं उत्तर.

त्या रात्री ती न जेवताच उठली. "उन्हाचं झालं असेल," ती म्हणाली आणि पाठ करून पडून राहिली.

सकाळी ती बाटलीभर पाणी घेऊन इंजिनीअर मॅडमच्या पत्र्याच्या खोलीत शिरली. मॅडम वयाने लेकीसारखी, पण नजर पक्की. तिने पाण्यातला क्षार दाखवणारी कागदाची पिवळी पट्टी बाटलीत बुडवली. पट्टी बघता बघता गर्द निळी झाली.

"आत्या, हे आपल्या गाडीचं पाणी ना?"

"नाही गं पोरी," आत्या म्हणाली. "हे माझ्या भावाच्या विहिरीचं."

मॅडमने पट्टी टेबलावर ठेवली. "तुम्ही उतार दाखवलात, पण तो खाली कुठे जातो हे बघायचं काम माझं होतं. मीही नाही पाहिलं." मग वही ओढून तिने एक चौकोन काढला. "आजपासून कुंपणापाशी एक थेंब सांडायचा नाही. सपाट जागेवर खड्डा. आतून जाड ताडपत्री, सांधा कुठे नको. कडेने वाळूची पोती. धुतलेलं सगळं त्यात."

दुपारपर्यंत खड्डा तयार झाला आणि भांडणही. गाडीचा ड्रायव्हर, ज्याला सगळे वावटळ म्हणत, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आत्या, मला पुढची फेरी आहे. ड्रममध्ये माल सुकला तर छिन्नी घेऊन तुम्ही बसणार का आत?"

"बसीन. तू फिरव मग ड्रम, म्हणजे माझाही पाळणा होईल."

लोक हसले. वावटळही हसला, पण गाडी त्याने सवयीने कुंपणाकडेच वळवली. आत्या उतारावर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"बाजूला व्हा हो, आत्या!"

"खाली माझा भाऊ राहतो," ती एवढंच म्हणाली.

वावटळाने तिच्याकडे पाहिलं, मग उताराकडे. आजवर त्याला तिथे फक्त कुंपण दिसलं होतं. त्याने मुकाट्याने गाडी मागे घेतली.

साइटवर बोलणं सोपं होतं. अवघड ते घरी होतं. धाकटा करपलेल्या पिशव्या वेगळ्या काढत बसला होता. आत्या त्याच्या शेजारी मातीत बसली.

"तुझ्या हातात काही खोट नाही रे. खोट माझ्या हातात आहे." आणि तिने सगळं सांगितलं, उताराची युक्ती, वाहवा, गाणंसुद्धा.

तो बराच वेळ एका पिशवीची माती चाचपत राहिला.

"ताई, महिनाभर मी स्वतःला शिव्या देतोय," तो अखेर म्हणाला. "त्यातल्या निम्म्या तू घे."

"सगळ्या दे."

"सगळ्या नाही देत. निम्म्या सवयीच्या झाल्यात माझ्या." आणि तो रडतो की हसतो ते तिला कळेना. मग त्याने डोळे पुसले. "विहीर सुधारेल का पण?"

त्याचं उत्तर मॅडमकडेही पक्कं नव्हतं. उपसून बघू, ती म्हणाली. विहिरीला पंप लावला, आणि ते पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न आला तेव्हा आत्याच म्हणाली, "सोडायचं कशाला? वर चढवा. ज्या गाडीने बिघडवलं तिलाच धुवायला घेऊ." साइटच्या टाकीत ते बुळबुळीत पाणी भरलं. पंधरा दिवस टँकर बोलवावा लागला नाही.

आत्याची रीतही बदलली. आता नळी शेवटी. आधी थापीने पन्हळ खरवडायची आणि खाली पडलेला माल लाकडी साच्यात दाबायचा. मग खड्ड्यातलं निवळलेलं पाणी वरच्या वर उपसून पहिली धुलाई, आणि अखेरीस बादलीभर चांगलं पाणी. गाडी नवरीसारखी दिसायची नाही. "नांदती दिसते," आत्या म्हणायची. गाणंही बदललं:

थांब रे थांब पाण्या, घे जरा विसावा,
गाळ बसो तळाला, तू वर दिसावा.

एकदा ते वरचं नितळ पाणी पाहून वावटळ तोंड धुवायला वाकला. आत्याने त्याच्या हातावर थापीचा दांडा हाणला. "रूपावर जाऊ नकोस! सोलून काढील. मी फसलेय, तू तरी नको."

त्याच वावटळाने रविवारी साच्यातल्या पंचवीस फरश्या गाडीत घालून खाली नेल्या आणि वाटिकेच्या दारापासून विहिरीपर्यंत मांडून दिल्या. धाकट्याने एकेक पाय ठेवून पाहिला. "डुगडुगत नाही," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप.

विहीर तीनदा उपसली. प्रत्येक वेळी झऱ्यांनी ती हळूहळू भरली. मॅडमची पट्टी आधी निळी, मग हिरवट, मग नुसती ओल्या गवताच्या रंगाची. लिंबाची दीडशे रोपं गेली ती गेलीच. पेरूचा अजून भरवसा नव्हता.

एका संध्याकाळी वहिनीने बादली पुढे सरकवली. "वन्सं, हात."

आत्याने हात बुडवले. बोटावर बोट फिरवलं. बोट अडलं. खरखरीत, भेगाळलेलं, तिचं स्वतःचं बोट दुसऱ्या बोटाला अडलं, तशी ती पुन्हा पुन्हा बोटं घासत राहिली.

"मळ निघत नाही की काय?" वहिनीने विचारलं.

"निघाला," आत्या म्हणाली. ओंजळ भरून ती मोगऱ्यापाशी गेली. करपलेल्या पानाच्या बेचक्यात नखाएवढा पोपटी कोंब फुटला होता. तिने ओंजळ मुळाशी रिती केली, आणि पाणी कुठे जातं ते या वेळी शेवटच्या थेंबापर्यंत वाकून पाहिलं.