एका टोकाने बांधलेली होडी

सकाळी सहा वाजता मासे वर आले.

वर आले म्हणजे खेळायला नाही. अठरा हजार मासे पाण्याला तोंडं लावून उभे, आणि तोंडं उघडतायत, मिटतायत. बारीक आवाज येतो त्याचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं होतं पावसाचाच आवाज आहे.

तलावाच्या मधोमध सहा पिंजरे आहेत, जाळीचे. त्यांना चिकटून ड्रमांवर तरंगणारी एक खोली. खोलीत खाट, शेगडी आणि मी. काम सोपं: माशांना खायला घालायचं, जाळी तपासायची, हवेचे पंप चालू ठेवायचे. माणूस दिसतो तो पंधरा दिवसांतून एकदा, खाद्याची पोती घेऊन येणारा. बाकी मालकाचा फोन. दिवसभरात मी जे बोलतो ते बहुतेक "हो" एवढंच, त्यामुळे कधी कधी पहिला शब्द बाहेर येताना घसा खरखरतो.

पाच दिवस ऊन नव्हतं. ऊन नसलं की पाण्यातली हवा संपत जाते, आणि पहाटे सगळ्यात कमी असते. म्हणून पंप. पण काठावरून येणारी लाईट रात्रीच गेली होती, कुठेतरी खांब पडला म्हणे. मालकाला फोन लावला.

"मी निघालोच आहे," मालक म्हणाला.

"कुठवर आलात?"

"अरे, घरातून निघतोय. ओढ्यावरून पाणी जातंय ना! तू जनरेटर लाव. आणि ऐक, हे मासे गेले तर धंदा बंद. मग तूही घरी आणि मीही घरी."

त्याचं घर आणि माझं घर यात फरक आहे. त्याच्या घरी त्याची खोली आहे. माझ्या घरी म्हणजे दादाच्या घरी. तिथे मी चपलांच्या रॅकशेजारी झोपायचो आणि रात्री पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण माझ्या पायावर पाय देऊन जायचा.

जनरेटर पेट्रोलवरचा, दोरी ओढून सुरू करायचा. तो होडीत ठेवतात. खोलीत ठेवला तर धुराने माणूस मरेल, पिंजऱ्यांच्या फळ्यांवर ठेवला तर थरथरत पाण्यात जाईल. होडी पत्र्याची, सपाट तळाची, दोन्ही टोकांनी पिंजऱ्यांना बांधलेली. दोरी ओढली, लागला. पंप सुरू झाले, पाण्यात बुडबुडे आले. बरं वाटलं.

आणि पाऊस वाढला.

पाऊस सरळ पडला असता तर प्रश्न नव्हता. तो आडवा येत होता, जनरेटरच्या सॉकेटच्याच बाजूने. आधी छत्री बांधली. छत्रीने मान टाकली आणि उडून पिंजऱ्यात जाऊन पडली. मग ताडपत्री काढली आणि जनरेटरला नीट गुंडाळला. वरून, बाजूने, मागून. लहान मुलाला गुंडाळतात तसा. थेंब आत जाणार नाही असा.

दहा मिनिटांत तो खोकला आणि बंद पडला.

मला वाटलं पाणी गेलं आत. प्लग काढला, बनियनने पुसला, परत लावला. या वेळी ताडपत्री आणखी घट्ट. परत लागला, परत बंद. मग मीच ताडपत्रीच्या आत शिरलो, मोबाईलची बॅटरी लावून बघायला. डोकं ठणकायला लागलं. ताडपत्रीच्या कडेखालून बघितलं तर मासे तोंडं उघडतच होते, आणि दोन-चार आडवे झाले होते, पोट वर करून.

खरं सांगतो, त्या वेळी मनात आलं की जाऊ दे. मरू देत. संध्याकाळपर्यंत घरी तरी पोचेन. रॅकशेजारी का होईना, कोणी तरी पायावर पाय देईल. हा विचार फार तर दोन श्वास टिकला असेल, पण आला होता.

मग मी वहिनीला फोन लावला.

वहिनीला, कारण दादा माझ्याशी बोलत नाही. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं. तिथे चार वर्षं मी स्क्रू धरले. त्याने शिकवलं काहीच नाही, मी भंगारातल्या मोटारी उघडून उघडून शिकलो. एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणालो, दादा, हे कनेक्शन उलटं झालंय. आणि वर माझं बरोबर निघालं. चुकलं असतं तर माफ झालं असतं.

"भाऊजी? इतक्या सकाळी? बरे आहात ना?"

"वहिनी, दादा आहे का शेजारी?"

"दाढी करतायत."

"जनरेटर बंद पडतोय म्हणावं. पावसात. होडीवर आहे."

तिने सांगितलं. मागून दादाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "त्याला विचार, झाकलाय कशाने."

"भाऊजी, ते विचारतायत झाकलाय..."

"ताडपत्रीने. पूर्ण. एक थेंब जात नाही."

"अहो, ताडपत्रीने झाकलाय. पूर्ण."

यावर दादा जे बोलला ते वहिनीने पुढे पाठवलं नाही. "ते म्हणतायत की... जरा वेगळ्या शब्दांत म्हणतायत, पण अर्थ असा की थेंब जात नाही तर हवा कुठून जाणार?"

मी ताडपत्रीची कड थोडी वर उचलली.

"त्याला म्हणावं," मागून आवाज, "ताप आलेल्या माणसाला पांघरूण घालतात, तापलेल्या मशीनला नाही. स्वतःचाच धूर ओढून मरतंय ते. वर छप्पर दे, दोन हात उंच. बाजू मोकळ्या ठेव. खाली फळी दे. आणि वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू दे म्हणावं, म्हणजे पाणी वायरवरून खाली गळेल, सॉकेटात नाही जाणार."

वहिनी सगळं परत सांगायला लागली. मी म्हटलं ऐकलं. ती म्हणाली, "तरी सांगते, नाहीतर त्यांना वाटेल मी सांगितलंच नाही."

"त्याचं डोकं दुखतंय का विचार."

"भाऊजी, डोकं..."

"हो."

"दुखतंय म्हणतात."

"मग गाढवाला म्हणावं आधी बाहेर ये त्याच्यातून!"

मी बाहेर आलो. फोन ठेवला.

छप्पर आणायचं कुठून? खोलीवर पत्रे होते, चार. त्यातला खाटेवरचा पत्रा सोडवायला सगळ्यात सोपा, दोनच बोल्ट गंजलेले. काढला. पाऊस सरळ माझ्या गादीवर. होडीच्या चार कोपऱ्यांत बांबू बांधले, वर पत्रा, पुढून थोडा खाली आणि मागे उंच. जनरेटर फळीवर. दोरी ओढली. सहाव्या ओढीला लागला आणि चालू राहिला.

पण सॉकेट भिजतच होतं. होडी दोन टोकांनी बांधलेली, म्हणजे जागच्या जागी आडवी, वळता न येणारी. वारा आला की कधी या अंगाने, कधी त्या अंगाने पाऊस छपराखाली घुसायचा. मी ताडपत्रीचा तुकडा हातात धरून इकडून तिकडे करत होतो, क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखा. असं किती वेळ करणार?

मग छत्रीकडे लक्ष गेलं. ती पिंजऱ्याच्या जाळीत एका काडीने अडकली होती आणि वारा फिरला की तीही फिरत होती. पाठ कायम वाऱ्याकडे.

होडीचं दादाला काय कळतं? हे मलाच करायचं होतं. मी मागची दोरी सोडली. पुढची लांब केली, वायर तिच्याबरोबर बांधत नेली आणि होडी ढकलून दिली. ती हळूहळू वळली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. वारा सरकला की तीही सरकायची. आता पाऊस फक्त पुढूनच. पुढच्या बाजूला ताडपत्री लावली, जनरेटरपासून हातभर लांब. धूर मागच्या मागे, पिंजऱ्यांपासून दूर. सॉकेट कोरडं.

मी पुढच्या टोकावर बसलो, पावसात, कारण माझं वजन नसलं की ते टोक उचललं जायचं आणि पत्रा फडफडायचा. दोनदा बंद करून, थंड होऊ देऊन पेट्रोल घातलं. बाकी साडेपाच तास तिथेच. हळूहळू मासे खाली जायला लागले. आधी कडेच्या पिंजऱ्यातले, मग सगळेच. पाण्यावर फक्त थेंब उरले.

दीडच्या सुमाराला लाईट आली. दोनेकशे मासे मेले होते, ते मी जाळीने काढले. तीनला मालक आला, दुसऱ्याच्या होडीतून, प्लॅस्टिकच्या कोटात.

"वाचले की रे!" तो पाण्यात वाकून बघत राहिला. मग माझ्या पाठीवर हात मारला. "आता हंगामभर तूच राहा इथे. दुसऱ्या कोणाचं काम नाही हे."

"हो," मी म्हणालो.

तो गेल्यावर दुकानावर फोन लावला, दुपारी वहिनीही तिथेच असते. उचलला दादाने, गिऱ्हाईक समजून बहुतेक. "हं, बोला."

"दादा, चालला. साडेपाच तास चालला. मी काय केलं माहितीये, होडी एकाच टोकाने..."

पलीकडे तारेचं मशीन फिरत होतं. ते थांबलं.

"घे गं," दादा म्हणाला, "तुझ्या दिराचा फोन."

वहिनीला सगळं सांगितलं. ती हो का, अगंबाई, करत राहिली. मागून प्रश्न आला, "पत्रा कुठून आणला विचार."

"खोलीचा काढला. खाटेवरचा."

"खोलीचा काढला म्हणतात."

 मग वहिनी आवाज खाली घेऊन म्हणाली, "भाऊजी, चार दिवस येऊन जा ना. कपडे तरी सुकतील."

 हे ती दादाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली होती की नव्हती, ते मला कळेना. मागून हो येईल किंवा नको येईल म्हणून ऐकत राहिलो. नको आलं असतं तरी चाललं असतं.

तारेचं मशीन परत सुरू झालं.

"मासे सोडून कसा येऊ, वहिनी," मी म्हणालो.

"हो, तेही आहे," ती म्हणाली. दुकानात कोणीतरी आलं होतं. तिने फोन ठेवला.

मी खाद्याची बादली घेतली आणि पहिल्या पिंजऱ्याकडे गेलो. आज अर्धंच घालायचं होतं, दमलेल्या माशांना जास्त पचत नाही.