खाडीवरच्या हडळीचा कबुलीजबाब

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या आमच्या चाळीत भर दुपारी मुंगी शिरायला वाव नव्हता. माझा शेजारी सुदेश, त्याच्या खोलीत महिपत भगत मिरच्यांची धुरी देत होता आणि सुदेशची सहा वर्षांची लेक प्राप्ती खोकून खोकून बेजार झाली होती. ही पोर कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, बोलायची नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं होतं. महिपतने एका लिंबात निदान बदललं.

"खाडीवरची हडळ हाय ही," त्याने पोरीच्या पोटऱ्यांवर छडी ओढली. "बोल, मी हडळ. मी हडळ."

"मी हडळ," प्राप्ती म्हणाली.

बायांनी हात जोडले. मुक्या पोरीला वाचा फुटली होती, आणखी काय चमत्कार हवा? मला मात्र तिच्या पायांवरचे वळ दिसत होते आणि डोकं फिरलं होतं.

"आता डाग द्यायचा," महिपत म्हणाला. शेगडीत विळा लाल झाला होता. सुदेशने लेकीचे हात घट्ट धरले. रडत होता, पण सोडत नव्हता. मी आडवा गेलो, तर जमलेल्यांपैकी दोघांनी मला भिंतीवर आपटलं.

पोरीच्या आईला, दक्षताला, तिच्या सासूने मोरीपाशी दाबून धरलं होतं. ती हिसडा देऊन सुटली. महिपतने तिच्या तोंडावर छडी मारली. ओठ फाटला, तरी ती लेकीसमोर जमिनीवर बसली.

"मी राणी," ती हळूच म्हणाली.

"मी राणी."

"भगत खोटा."

"भगत खोटा."

बायांचे जोडलेले हात खाली आले.

"महिना झाला, माझ्या बोलण्यातले शेवटचे शब्द ही परत म्हणतेय," दक्षता नवऱ्याला म्हणाली. "थेरपीवाल्या मृणालताई हिच्यासोबत फरशीवर खेळायच्या, मलाही बसवायच्या. त्या म्हणालेल्या, ही बोलायची सुरुवात आहे. आणि तुम्ही त्यांचं येणंच बंद केलंत. ही कसली हडळ, सांगाल ते म्हणणारी?"

"हडळ नाटकं करते," म्हणत महिपतने विळा उचलला. सुदेशने लेकीचे हात सोडले आणि त्याचं मनगट पकडलं. झटापटीत विळा सुदेशच्याच दंडावर बसला. कातडी जळल्याचा वास आला. मग जमावाने महिपतला असं तुडवलं की पोलिसांना त्याला उचलून न्यावं लागलं. मघाशी हात जोडणारेच यात पुढे होते, याचीही मला किळस आली.

आता मृणाल पुन्हा येते. सुदेश रोज फरशीवर बसतो. प्राप्ती आईचे शब्द म्हणते. बाप जवळ सरकला की कोपऱ्यात जाते. "घाई नको, बसून राहा," मृणाल त्याला सांगते.

बाबांनो, मूल बोलत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, त्याच्याजवळ बसा, त्याच्या खेळात शिरा. भगताला दारात उभं करू नका. प्राप्तीला कधीच काही झपाटलं नव्हतं. बापाची भीती मात्र खरी आहे, आणि ती आम्ही सगळ्यांनी उभं राहून तिच्यात घातली.