दोन टीव्हींची एक छत्री

मित्रांनो, गडमुडशिंगीत दूध डेअरीच्या मागं एक दुमजली घर आहे. तिथं मान वर केलीत तर गच्चीच्या कठड्याजवळ आग्नेयेकडं तोंड करून उभी असलेली एक छत्री दिसेल. कडा गंजलेल्या, रंग उडालेला आणि पाठीवर कबुतरांची कृपा. तीच मी, टीव्हीची छत्री. कुणी मला डिशही म्हणतं. नावाला छत्री असले तरी पावसात माझा कुणाला आधार नाही. उलट जोराची सर आली की सगळ्यात आधी मीच हात टेकते.

मी मुळात सपाट पत्रा होते. कारखान्यात मला साच्यात घालून असं काही दाबलं की पोट आत गेलं ते कायमचं. पण त्या खोलगट पोटाचंच तर सगळं काम आहे! आभाळात फार फार लांब एक उपग्रह आहे. त्याच्याकडून येणाऱ्या लाटा मी अंगावर झेलते आणि समोरच्या दांडीवर बसवलेल्या डोळ्याकडं धाडते. कारागीर त्या डोळ्याला एलएनबी म्हणतात. तिथून वायर निघते ती टीव्हीखालच्या बॉक्सपर्यंत जाते. जगभरची चित्रं माझ्या अंगावरून गेली, पण मला मात्र एकही दिसलं नाही. खिडकीतून आवाज तेवढा ऐकू येतो. त्यामुळं मी मेली भारी चौकस झाले आहे. खाली कुणी हसलं की मला वाटतं, आत्ता पडद्यावर काय बरं झालं असेल?

मला कोल्हापुरातून आणलं सयाजीनं, या घराच्या थोरल्या मुलानं. मोटारसायकलवर मागं त्याची बायको बायडाबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर मी. वारा माझ्या पोटात असा भरायचा की गाडी एका अंगाला जायची. बायडाबाई ओरडत होती, "सावकास चालीव की! हिला धरू का मला धरू?" तिनं शेवटपर्यंत मलाच धरलं. त्या दिवसापासून माझा तिच्यावर जीव आहे.

मला बसवायला कारागीर रफिक आला होता. छत्री बसवणं म्हणजे ओरडण्याचा धंदा. एक जण वर छत्री फिरवतो आणि एक जण खाली टीव्हीसमोर बसतो. बायडाबाई टीव्हीपुढं बसली. मधल्या जिन्यात उभी होती निशिगंधा, धाकट्या धैर्यशीलची बायको. नवी नवरी, लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. घरात तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. रफिक वरून विचारायचा, "आलं का?" बायडाबाई खालून सांगायची, "न्हाय!" आणि ही बिचारी मधल्या मधे निरोप पोचवताना पुटपुटायची. शेवटी एकदाचं चित्र उमटलं तशी निशिगंधा सगळं भान विसरून ओरडली, "आलंऽऽ! आलं, आलं, थांबा!" शेजारच्या गोठ्यातली म्हैस दचकली. नवरीनं जीभ चावली. बायडाबाई मात्र हसत जिन्यात आली. "आवाज हाय की गं तुला! मला वाटलं मुकी जाऊ पदरात पडली." तेव्हापासून त्या दोघींचं असं जमलं की विचारू नका. निशिगंधा तिला आक्का म्हणू लागली.

पुढं घरावर दुसरा मजला चढला, मी नव्या गच्चीवर गेले आणि चुली दोन झाल्या. त्यात भांडण काही नव्हतं. खालून आमटीची वाटी वर जायची, वरून त्याच वाटीत काहीबाही खाली यायचं. वाटी रिकामी कधी परतली नाही. वरच्या घरात दुसरा टीव्ही आला, दुसरा बॉक्स आला आणि प्रश्न उभा राहिला की छत्री एकच आहे, तर वरच्या टीव्हीचं काय करायचं?

सयाजी म्हणाला, "त्यात काय अवघड हाय? शेतात पाइपलाइनीला टी मारतो तसा मारायचा." बाजारातून त्यानं एक चिमुकली डबी आणली, एक वायर आत घेणारी आणि दोन बाहेर काढणारी. माझी वायर कापून ती मधे जोडली. रफिकला एक फोन करावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. आणि मला कोण विचारतंय?

मित्रांनो, चूक कुठं झाली ते सांगते. पाण्याच्या पाइपला टी लावला की पाणी निम्मं इकडं, निम्मं तिकडं जातं. पुढं ऊस आहे की भुईमूग, पाणी विचारत नाही. माझ्या वायरीचं तसं नाही. तिच्यातून चित्रं खाली येतात, तशी खालून वर मागणीही येते. काही चॅनेल उभ्या लाटांवर असतात, काही आडव्या. तुम्ही रिमोट दाबलात की बॉक्स वायरीतून वर सांगतो, "उभ्या दे," नाहीतर "आडव्या दे." आडव्यांची मागणी थोड्या जास्त व्होल्टेजनं येते. माझा डोळा एक, तो एका वेळी एकच ऐकणार. दोन घरांनी दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या की जोराची मागणी चालायची आणि दुसऱ्या घरात पडदा कोरा व्हायचा.

संध्याकाळी बायडाबाईनं कीर्तनाचं चॅनेल लावलं की वर निशिगंधाची मालिका नेमकी रंगात आली असताना गायब व्हायची. दुपारी निशिगंधानं गाणी लावली की खाली बायडाबाईच्या बातम्या बंद. कधी दोघींचे चॅनेल एकाच जातीच्या लाटांवरचे निघाले, तर दोन्हीकडं झकास दिसायचं. तिथंच तर घात झाला! कायमचं बिघडलं असतं तर कुणी कारागीर बोलावला असता. पण दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. मग माणसाच्या मनात दुसरंच येतं.

"आक्का खालनं वायर काढत्यात," निशिगंधा नवऱ्याला म्हणाली.

"धाकटीला माझ्या बातम्या खुपत्यात," बायडाबाई खाली सयाजीला म्हणाली.

एकमेकींना मात्र कुणीच विचारलं नाही. बोलणं तुटक झालं, मग थांबलंच. बायडाबाईचं नाव कोरलेली वाटी वरच्या घरातल्या फळीवर धुऊन पालथी पडून राहिली. खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. दोघींच्या मागण्या माझ्याच डोळ्यापाशी येऊन भांडत होत्या. पण मला तोंड कुठं आहे? वाईट इतकं वाटायचं की गंज लागला तो पावसानं का काळजीनं, देव जाणे. ह्या दोघी पुन्हा बोलतील का, एवढा एकच घोर मला लागला होता.

अशात बैलांचा सण, बेंदूर, जवळ आला आणि बायडाबाईनं घरातल्या वाकळा, म्हणजे जाड गोधड्या, धुवायला काढल्या. गच्चीवर दोरी कमी पडली म्हणून एक टोक तिनं माझ्या खांबाला बांधलं. भिजलेली वाकळ म्हणजे काय वजन असतं, तुम्हाला कल्पना नाही! माझी मान करकरली आणि मी गर्रकन एका बाजूला वळले. दोन्ही घरांतले टीव्ही एकदम गेले.

सयाजी शेतात, धैर्यशील एमआयडीसीत. आधी निशिगंधा वर आली. मला थोडं फिरवलं, खाली पळत जाऊन टीव्ही बघितला, पुन्हा वर आली. चित्र नाही. ती दमून गेल्यावर बायडाबाई आली. तिचे गुडघे दुखतात, तरी दोन मजले चढून आली, मला हलवलं, कण्हत खाली गेली. असं दोघींचं आळीपाळीनं चाललं होतं. मला हसू येत होतं आणि रडूही. अगं बायांनो, हे काम एकटीचं नाही!

तिसऱ्या खेपेला दोघी गच्चीवर समोरासमोर आल्या. शेवटी बायडाबाई धापा टाकत म्हणाली, "जा, तुझ्या टीव्हीपुढं बस. मी फिरवतो. माझ्यानं आता जिना हुयाचा न्हाय."

निशिगंधा गेली. बायडाबाईनं वाकळ काढून मला दोन्ही हातांनी धरलं, मोटारसायकलवर धरलं होतं तसंच. आणि किती महिन्यांनी तिनं हाक मारली, "आलं का गं?"

"न्हाय!"

"आता?"

"न्हाय आजून!"

मी जीव एकवटून वळत होते. इतक्यात तळमजल्यावरून कीर्तनाचा आवाज उसळला. बायडाबाईनं आपला टीव्ही चालूच ठेवला होता. "माझ्यात लागलं की! तुझ्यात?"

"न्हाय!" आणि निशिगंधा तणतणत वर आली. "बघा आक्का, तुमचं लागलं आन् माझंच गेलं! रोज हेच. आता तरी कबूल करा, वायर काढता का न्हाय?"

"आगं, मी हितं उभारलोय तुझ्या म्होरं. खाली कोण हाय वायर काढायला?"

खालच्या घरात खरंच कुणी नव्हतं. निशिगंधानं आधी बायडाबाईकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या वायरीवरून नजर सयाजीच्या डबीपर्यंत नेली. "थांबा हं आक्का," म्हणत ती खाली धावली आणि बायडाबाईचा टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बंद केले. त्याच क्षणी वरच्या खोलीतून मालिकेचं संगीत वाजलं.

"आलं गं! तुझं आलं!" बायडाबाई ओरडली. "आता माझं लाव!"

"लावलं!"

"तुझं गेलं! आगं बया! बंद कर... आलं! लाव... गेलं!"

दोघी पोरींसारख्या ओरडत होत्या. मग निशिगंधा वर आली ती डोळे पुसतच. "आक्का, मी तुमच्यावर काय काय बोलले."

"मी काय कमी बोललो व्हय? मला ती वायर कुठं हाय त्ये बी ठावं न्हवतं," बायडाबाई म्हणाली आणि तिलाही रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी रफिक आला. दोन तोंडांचा नवा डोळा त्यानं बसवला आणि दोन्ही बॉक्सना वेगवेगळ्या वायरी दिल्या. आता ज्याला जे हवं ते मिळतं. सयाजीची डबी खिडकीत ठेवली आहे, कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून. बेंदराला पुरणपोळी वरच्या एकाच चुलीवर झाली आणि फळीवरची ती वाटी आमटीनं भरून खाली गेली.

मित्रांनो, माझ्या खांबाला दोरी बांधू नका, एवढी विनंती आहे. कधी पडदा कोरा झाला, तर आधी शेजारच्या माणसाला विचारा, रागावायचं मग बघू. मी आता म्हातारी झाले. पण अजून संध्याकाळी बायडाबाई गुडघे धरत गच्चीवर येते, माझ्या गंजक्या कडेवर हात ठेवते आणि काही बिघडलेलं नसतानाही खाली हाक देते, "आलं का गं?"

"आलं, आक्का! चहा उकळलाय, या लवकर!"

त्या वेळी टीव्ही बहुतेक बंदच असतो.