विटेतला अंगठा

…तो अंगठ्याच्या ठशाचा खळगा अजून तिथेच होता, पडवीतल्या दाराच्या चौकटीपासून तिसऱ्या विटेत. पण मेरनचा अंगठा त्यात मावत नव्हता. दहा वर्षांची असताना मापाने करून घेतल्यासारखा बसायचा. बाबा पाहुण्यांना घर दाखवत असायचे – “माझ्या खापरपणजोबांनी टास्मानियात येऊन हे स्वतःच्या हातांनी उभं केलं” – आणि ती पडवीत त्या विटेला अंगठा लावून उभी. आज सकाळी झाडताना सहज हात गेला आणि झाडू तसाच थांबला. आपण वाढलो… म्हणजे ओल्या मातीची वीट साच्यातून काढणारा कैदी, इंग्लंडहून जहाजातून इथे आणलेला, दहाच वर्षांचा?

आणि आजच पाहुण्यांना घर दाखवायची तिची पहिली पाळी. “जमलं तर रविवार तुझे,” बाबा म्हणाले होते. “फक्त घराची लाज राख, पोरी.”

लोकरीची कोठी, जेवणघर, खापरपणजीचा पियानो – सगळं तिने भराभर सांगितलं, जीभ पुढे पळत होती, मन पडवीत. शेवटी माणसं विटेभोवती जमली. एका बाईने अंगठा लावून पाहिला. “अगंबाई, मूल होतं की!”

“कैदी होता,” मेरन म्हणाली. “हे घर त्याने बांधलं. त्याने आणि त्याच्यासारख्यांनी.”

मागून बाबांनी मेरनला चिडवलं, तोंडात पाव. “भट्टीत वीट आकसते हं, ठशासकट, बाईसाहेब! शाळेत विज्ञान शिकवता ना?”

सगळे हसले. तीही हसली, हिशेब तिने सकाळीच केला होता. “आकसते ना. शेकडा दहा. मग बारा वर्षांचा धरा, बाबा.”

हसू थांबलं. बाबांनी पावाचा दुसरा घास घेतला.

रविवार हातचे गेले बहुतेक… पण तिला भलतंच सुचत होतं. बाबांचं इतकं तयार उत्तर – न अडखळता, जणू कित्येक वर्षं खिशात ठेवलेलं. उगाच कोण विटेच्या आकसण्याचा विचार करतं? म्हणजे तेही इथे उभे राहिले होते, कधीतरी, लहानपणी, मग मोठेपणी… अंगठा लावून… आणि मग ही आकसणाऱ्या मातीची पळवाट शोधून काढली होती.

“पुढे काय दाखवणार?” त्या बाईने विचारलं.

“या ना, घोड्यांचा तबेला,” मेरन म्हणाली आणि निघाली. पाठीमागे सगळ्यांची पावलं वाजत होती – बाबांची सोडून. वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं. आणि विटेपाशी मागे राहिलेल्या बाबांच्या चाहुलीसाठी सगळं अंग कान करून, ती चालत राहिली.